दोन हात भिंत

"आमच्याकडे चोरी झालीय," खुर्चीवर टेकायच्या आधीच ती म्हणाली.

"काय गेलं?" वहिनींनी विचारलं.

"भिंत."

भाऊजींचा चहा बशीत सांडला. "अख्खी?"

"नाही. दोन हात लांब, एक हात उंच. गिलाव्याचा तेवढाच तुकडा कुणीतरी कापून नेलाय. बाकी एक खिळासुद्धा हललेला नाही."

वहिनींनी डायरी उघडली. पंचवीस वर्षं त्या विमा कंपनीत होत्या. जळालेली गोदामं खरोखर जळली की जाळली, हे शोधून काढणं हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्या लोकांची खासगी कोडी सोडवू लागल्या. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. त्यांचं आयुष्य औषधांच्या दुकानात गेलं होतं, आणि आता घरी बसून करायचं काय म्हणून ते वहिनींबरोबर हिंडत. वहिनीही त्यांना आवर्जून नेत. त्या म्हणत, "चारचौघांना जे वाटणार ते भाऊजींना आधी वाटतं. तिथून उलटं चालायला लागलं की उत्तर सापडतं."

आलेली बाई पंचेचाळीशीची होती, शाळेत गणित शिकवायची. घरी तिला सगळे धाकटीच म्हणत. तिनं सांगितलेली हकिकत अशी.

तिचे वडील फोटोग्राफर. त्यांची डार्करूम घराच्या तळघरात होती. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. आईचे गुडघे आता जिन्याला कुरकुरतात, तिचं बागेत उतरणं बंद झालंय, म्हणून धाकटीनं तळघरात आईसाठी स्वतंत्र घर करायला घेतलं होतं: एक खोली, न्हाणीघर, डार्करूमच्या जागी छोटंसं स्वयंपाकघर, आणि मागच्या बागेत उघडणारं नवं दार.

"डार्करूमच्या भिंतीवर बाबांनी पेन्सिलीनं आकडे लिहिले होते. कुठल्या फोटोला किती सेकंद उजेड द्यायचा, त्याचे. संग्रहालयवाले बाबांच्या नावानं एक दालन उघडतायत. त्यांचा माणूस उद्या अकराला त्या भिंतीचे फोटो घ्यायला येणार आहे. आणि आज सकाळी मिस्त्रींनी दार उघडलं, तर भिंतीला हे एवढं भोक!"

"संशय कुणावर?"

धाकटीचा चेहरा आक्रसला. "दादावर. माझ्या सख्ख्या भावावर. बाबांच्या खोलीला हात लावायचा नाही म्हणून त्यानं आकाशपाताळ एक केलं. महिना झाला, आम्ही बोलत नाही. मला धडा शिकवायला त्यानं हे केलं असलं, तर मी काम बंद करून कुलूप लावीन आणि त्या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही."

"आणि आई?"

"ती राहील वरच. कोंडल्यासारखी."

घर उतारावर होतं. रस्त्यावरून बघणाऱ्याला ते एकमजली वाटे. बाजूनं खाली गेलं की तळघर बागेच्या पातळीला येई. सिमेंटची हातगाडी नेता यावी म्हणून त्या बाजूला फळ्या टाकून, वर वाळू पसरून, लांबलचक उतरण केली होती. भाऊजींना दम्याचा त्रास, पण ते शीळ घालत खाली पोचले.

आतली भिंत बघितल्यावर मात्र त्यांची शीळ थांबली. नळाच्या वर, टाइल्स लागायच्या होत्या तिथे, एक आयताकृती जखम होती. कडा पट्टीनं आखल्यासारख्या सरळ.

"वहिनी, भिंतीमागं कोनाडा असणार!" भाऊजी कुजबुजले. "म्हाताऱ्यानं काहीतरी दडवलेलं असणार."

"विटा बघा. मधला चुना जसाच्या तसा आहे. मागं काही नव्हतं. जे होतं ते वरच होतं."

वहिनी गुडघ्यांवर बसल्या. कडेला पांढरे सुती धागे चिकटले होते. भाऊजींनी एक ओढून वास घेतला. "खळ. पिठाची खळ आहे ही. आम्ही बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायला शिजवायचो."

मग वहिनींनी जमिनीवरून बोट फिरवलं आणि मिस्त्रींकडे वळल्या. मिस्त्री साठीकडे झुकलेले, कमी बोलणारे.

"एवढा गिलावा कापला आणि खाली धूळ नाही?"

"सकाळी आलो तेव्हा साफच होतं, बाई."

"झाडलेलं नाही, पुसलेलं आहे. फडक्याचे फराटे दिसतायत. या दाराच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक ताईंकडे, एक माझ्याकडे. काल रविवार, मी घरी होतो."

वहिनींनी बाकीच्या भिंतींवर नजर टाकली. तीन बाजूंना टाइल्स लागून वाळल्याही होत्या. "माझ्या स्वयंपाकघरात मिस्त्रींनी नळाची भिंत आधी केली होती. पाण्याची बाजू पहिली, असं म्हणाले होते."

"तशीच करतात." मिस्त्रींनी थापी उगाचच पुसली. "इथे ही शेवटी ठेवली. माल कमी होता."

कोपऱ्यात टाइल्सची सहा खोकी न उघडता पडली होती.

वर जायला त्यांनी आतला जिना घेतला. चौदा उभ्या पायऱ्या. लाकडी कठड्यावर प्रत्येक पायरीला एक गोल डोक्याचा पितळी खिळा होता, आणि सगळ्यात वर दोन, शेजारी शेजारी. हात फिरून फिरून ते सोन्यासारखे चमकत होते.

"बाबांची हौस," मागून धाकटी म्हणाली. "आम्ही नोकरीला लागून बाहेर पडलो, त्यानंतर कधीतरी ठोकले. सुटीला यायचो तेव्हा ते काळा चष्मा लावून बागेत बसलेले असायचे. लाल उजेडात राहून डोळे दुखतात म्हणायचे."

"त्या भिंतीचा एखादा फोटो आहे?"

धाकटीच्या फोनमध्ये एक होता, नळाचं माप घेताना काढलेला. वहिनींनी तो मोठा करून पाहिला. वरचे आकडे तिरके, घाईचे. खाली खाली ते मोठे होत गेले होते, शेवटचे तर तळहाताएवढे. मग थोडी रिकामी जागा. आणि तिच्याखाली बारीक, सरळ ओळी. एक ओळ नीट वाचता येत होती: 'शेवटची खेप, २२ सेकंद'. त्यातल्या दोनांची शेपटं बदकासारखी वर वळलेली होती.

"शेवटची खेप म्हणजे?"

"बाबांचे सगळ्यात गाजलेले फोटो! नदीवर पूल झाला आणि होड्या बंद झाल्या, त्या दिवसाचे. बारा वर्षं झाली."

"हो, हो," भाऊजी म्हणाले. "वाकून वल्ही आवरणारा नावाडी. तो फोटो आमच्या दुकानात कॅलेंडरवर होता. वर्ष संपलं तरी मी तो काढला नव्हता."

आई खिडकीजवळ बसल्या होत्या. शहात्तर वर्षांच्या, बुटक्या, नीटनेटक्या. उशाशी औषधांची डबी होती, प्रत्येक कप्प्यावर वेळ लिहिलेली. भाऊजींनी सवयीनं ती उचलली.

"वा! असं लिहिणारं गिऱ्हाईक मला चाळीस वर्षांत एक भेटलं नाही. दुपारचे दोन काय सुरेख काढलेत, अगदी पोहणारं बदक!"

"माझंच अक्षर," आई हसल्या.

"मावशी, काल दुपारी खालून काही आवाज आला?" वहिनींनी विचारलं.

"रेडिओ लावला होता. बारा ते दोन मुलगा होता, जेवायला घेऊन आला होता. धाकटी दिवसभर बेसिन बघायला गेलेली. मी कुठे जाणार? तीन आठवडे झाले, घराबाहेर पाऊल नाही."

त्यांची काठी घसरून पडली. वहिनींनी ती उचलून दिली आणि आपली बोटं रुमालाला पुसली. काठीच्या रबरी टोकाच्या खाचेत वाळू होती.

"यांचे फोटो बघायचेत? कपाटात अल्बम आहे," आई म्हणाल्या.

भाऊजींनी कपाट उघडलं, तर दार पलंगाच्या कोपऱ्यावर धाडकन आपटलं आणि अर्धंच उघडलं. "राहू द्या, राहू द्या," आई घाईनं म्हणाल्या. "मी काढते."

अल्बम चाळताना त्यांचा आवाज मऊ झाला. "लाल दिव्यात कोरा कागद पाण्यात बुडवायचा. आधी काहीच नसतं. मग एक भुवई दिसते, एक गुंडी. हळूहळू माणूस वर येतो. मुलं दाराबाहेरून ओरडायची, आई, आलं का, आलं का? आणि हे म्हणायचे, थांबा, अजून नाक यायचंय."

भाऊजी नाक शिंकरायला बाहेर गेले.

दादा आपल्या कचेरीत भेटला. तो मोठ्या हुद्द्यावरचा इंजिनिअर, पण बोलताना टाचणी वाकवत होता.

"हो, काल गेलो होतो खाली. स्वयंपाकघराकडची कडी काढून जिन्यानं उतरलो. दहा मिनिटं बसलो. भिंत जागेवर होती. वर येऊन कडी पुन्हा लावली. धाकटीला खरं वाटत नसेल तर नसू दे."

"कामाला विरोध का?"

"मला ती खोली आहे तशी हवी होती. नुसता एखादा कोपरा नाही, सगळी खोली. लहानपणी बाबा मला स्टुलावर उभं करून कागद हलवायला द्यायचे. तेवढंच उरलंय. नंतर ते दूर गेले." त्यानं टाचणी मोडली. "तेरा वर्षांपूर्वी मला बढती मिळाली. नवा सूट घालून त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, बाबा, बघा. तर म्हणाले, सर्दी झालीय का तुला? सुटाबद्दल एक शब्द नाही. माझ्याकडे बघायचेच नाहीत, हो."

शेवटी स्टुडिओवाले. ते वडिलांचे जुने मदतनीस, आता स्वतःच्या स्टुडिओचे मालक. शनिवारी धाकटीकडे त्यांनी तोच तुकडा मागितला होता आणि तिनं नाही म्हटलं होतं.

"मागितला, चोरला नाही. काल सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत मी शाळेच्या संमेलनात फोटो काढत होतो. पाचशे पोरं साक्षीदार आहेत."

"तुमच्या स्टुडिओत झाडू दिसत नाही."

"साहेबांची शिस्त! फोटोच्या खोलीत झाडू चालत नाही, ओलं फडकं. धूळ उडून निगेटिव्हवर बसली की मेलात. त्यांच्या घरात सगळ्यांना तीच सवय." ते हसले. "फार कडक होते. शेवटची काही वर्षं निगेटिव्ह माझ्या हातात देऊन विचारायचे, 'बोल, कशी आलीय?' मी घाबरून बारीकसारीक सगळं सांगायचो. परीक्षा घ्यायचे माझी. पुढे तर डार्करूममध्येही येऊ दिलं नाही. साहेबांच्या बाई असायच्या आत, थाळ्या धुवायला."

परतीच्या वाटेवर भाऊजींनी निकाल दिला. "स्टुडिओवालेच! ओलं फडकं, वहिनी! शाळेतून मधेच सटकले असणार."

"फडकं बरोबर पकडलंत," वहिनी म्हणाल्या. "माणूस चुकलात."

मंगळवारी सकाळी दहाला सगळे आईच्या खोलीत जमले. भाऊबहीण खोलीच्या दोन टोकांना. मिस्त्री दारात उभे, स्टुडिओवाले खुर्चीच्या कडेवर.

"आधी चोराला काय हवं होतं ते बघू," वहिनींनी सुरुवात केली. "भिंतीमागं काही नव्हतं. म्हणजे हवी होती ती अक्षरं. नष्ट करायची असती तर दोन हातोडे पुरले असते. पण यानं अक्षरांवर खळ लावून कापड डकवलं, म्हणजे गिलावा तुटू नये. खळ पाण्यानं सुटते. ज्याला ती अक्षरं लपवायची आहेत आणि जपायचीही आहेत, असा हा चोर.

"दादा नाही. त्यांना सगळी खोली हवी होती. जी खोली वाचवायला बहिणीशी बोलणं सोडलं, तिचं काळीज ते स्वतः कापून काढणार नाहीत. शिवाय कापड, खळ, करवत, हे सगळं दोन तासांत, आईला जेवायला वाढता वाढता होत नाही.

"कापल्यावर जमीन पुसली गेली, ओल्या फडक्यानं. नव्या बांधकामात, जिथे आज पुन्हा सिमेंट सांडणार आहे, तिथे जमीन पुसतं कोण? ज्याच्या हातांना त्या खोलीची सवय आहे तो. झाडू न लावणारी दोन माणसं आहेत. स्टुडिओवाले दिवसभर पाचशे मुलांसमोर होते. दुसरं माणूस घराबाहेर पडलेलंच नाही म्हणतं. पण त्याच्या काठीच्या टोकाला उतरणीवरची वाळू आहे. जिना जमत नसला तरी ती उतरण दम्याच्या माणसालाही जमते."

धाकटी उभी राहिली. "आई?"

"एकटीनं नाही. वीस किलोचा गिलावा मावशींना पेलणार नाही. मिस्त्री, तुमच्याकडे किल्ली होती. नळाची भिंत तुम्ही मुद्दाम शेवटी ठेवलीत, खोकी शिल्लक असताना माल कमी आहे म्हणालात. कुणीतरी तुम्हाला थांबा म्हटलं होतं."

मिस्त्रींनी मान खाली घातली. "माझ्या आईच्या वयाच्या बाईनं हात धरून सांगितलं. काय करणार?"

"तो तुकडा या कपाटामागं आहे. कपाट पुढे सरकलंय, म्हणून दार पलंगावर आपटतं." वहिनी आईंजवळ जाऊन बसल्या. "कोणी आणि कसं, एवढं झालं. का, ते मला कळलंय. पण ते मी सांगू, की तुम्ही सांगता?"

आई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"तू सांग," त्या शेवटी म्हणाल्या. "मी त्यांना शब्द दिलाय. तू नाही दिलेलास."

वहिनी मुलांकडे वळल्या. "तुमच्या वडिलांना दिसत नव्हतं."

"काहीतरीच काय!" दादा म्हणाला.

"भिंतीवरचे त्यांचे आकडे मोठे मोठे होत जातात आणि मग बंद होतात. काळा चष्मा. जिन्याच्या कठड्यावर मोजायला खिळे, आणि शेवटच्या पायरीला दोन, म्हणजे पाय हवेत पडू नये. स्टुडिओवाले, ते तुमची परीक्षा नव्हते घेत. निगेटिव्ह कशी आलीय, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं."

स्टुडिओवाल्यांनी तोंडावर हात धरला.

"आणि दादा, त्यांनी तुमचा सूट पाहिला नाही. त्यांना फक्त तुमचा आवाज ऐकू आला, तो बसलेला होता. म्हणून सर्दीचं विचारलं."

दादा भिंतीला टेकला. तेरा वर्षं उरात धरलेला राग एकाएकी कुठे ठेवावा, ते त्याला कळेना.

"मोठे आकडे थांबतात आणि खाली बारीक आकडे सुरू होतात. त्यातले दोन बदकासारखे आहेत, या औषधाच्या डबीवर आहेत तसेच. काल भाऊजींनीच ते दाखवलं."

"मी?" भाऊजी म्हणाले.

"'शेवटची खेप' त्या बारीक ओळींत आहे. म्हणजे होड्यांचे फोटो डार्करूममध्ये मावशींनी केले. आणि ज्याला निगेटिव्ह दिसत नाही त्याला नावाडी तरी कसा दिसणार? ते फोटो मावशींनीच काढले. आज संग्रहालयाचा माणूस भिंतीचे फोटो घेणार, कुणीतरी अक्षर ओळखणार, आणि जे यांनी इतकी वर्षं झाकलं ते उघड होणार. म्हणून भिंत गेली. पण फोडली नाही. त्या कामात आपलाही हात होता, याची तेवढी एकच खूण उरलीय."

धाकटी आईच्या पायाशी बसली. "आम्हाला तरी सांगायचंस!"

"ते म्हणाले होते, मुलांना कळू देऊ नकोस. नोकऱ्या सोडून धावत येतील." आईंनी पदराऐवजी हातातल्या फडक्यानंच डोळे टिपले. "आणि सगळं काही मी केलं नाही. तिसऱ्या होडीपाशी मला थांबवून म्हणाले, हा माणूस गप्प झालाय, आता वल्ही उचलेल, घे. त्यांना आवाजावरून कळायचं. मी फक्त बघत होते."

अकराला संग्रहालयाचा माणूस आला. आईंनी कपाट सरकवायला लावलं. मिस्त्रींनी तुकडा पलंगावर ठेवला, आणि आईंनी कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं त्यावरचं कापड स्वतः सोडवलं, न घाई करता, कडेकडेनं. एकेक आकडा बाहेर आला.

"हे अक्षर कुणाचं?" त्या माणसानं विचारलं.

आईंनी मुलाकडे पाहिलं, मग मुलीकडे. "वरचं त्यांचं," त्या म्हणाल्या. "खालचं माझं."

दोन महिन्यांनी तळघरातलं घर पुरं झालं. आई खाली राहायला गेल्या आणि पहिल्याच आठवड्यात बागेत तीन फेऱ्या मारू लागल्या. वहिनी आणि भाऊजी भेटायला गेले, तेव्हा दारातूनच भांडण ऐकू आलं. संग्रहालयाच्या दालनाच्या पाटीवर दोन नावं लागणार होती. आईचं आधी, असं दादाचं म्हणणं. अक्षरांच्या क्रमानं, असं धाकटीचं.

"थांबवू का त्यांना?" भाऊजींनी विचारलं.

"बसा हो तुम्ही," आई म्हणाल्या. "किती दिवसांनी भांडतायत."